परब आजींची जागृत समई

कोणी पितळेचा दिवा घेऊन दुकानात शिरलं की मी आधी दिव्याकडे नाही, त्या माणसाच्या पायांकडे बघायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं, पेडणेकरला लादीची काळजी. एकदोघांनी तर संकोचून चपला बाहेर काढून ठेवल्या, त्यांना मी ओरडून पुन्हा घालायला लावल्या. ही खोड मला घाटकोपरच्या टेकडीवरच्या एका चाळीत, एका नवरात्रात लागली. तिच्यामागची गोष्ट मी धंद्यातल्या कोणालाही कधी सांगितली नाही. आता दुकान बंद करून पाच वर्षं झाली, वायरमनचं लायसन कपाटात पडून आहे आणि ते काढून घ्यायला कोणी येईलसं वाटत नाही. तेव्हा सांगून टाकतो.

घाटकोपर पश्चिमेला, टेकडीकडे चढणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी माझं दुकान होतं. दुकान म्हणजे सहा फुटांची खोली, त्यातले दोन फूट बिघडलेल्या पंख्यांनी खाल्लेले. इस्त्र्या, मिक्सर, पंखे ही रोजची भाजीभाकरी. पण ऐंशीच्या दशकात लोकांना एक वेगळंच वेड लागलं होतं. घरात जे काही जुनं धातूचं असेल त्यात बल्ब बसवायचा. कोणी आजोबांचा हुक्का आणायचं, कोणी चोरबाजारातून उचललेला बोटीवरचा कंदील. विक्रोळीच्या एका गृहस्थांनी वडिलांची पिकदाणी आणली आणि म्हणाले, हिचा टेबल लॅम्प करा, वडिलांची आठवण राहील. मी तो केला. त्या दिव्याखाली ते काय वाचत असतील, हा विचार मात्र मी मनातून काढून टाकला.

अशी कामं घरच्या घरी करणारेही पुष्कळ होते, आणि बिघडवून माझ्याकडे आणणारेही तेच. त्यांना मी एकच गोष्ट सांगायचो. लाकडाच्या नाहीतर मातीच्या दिव्यात चूक झाली तर दिवा लागत नाही, एवढंच. धातूच्या दिव्यात चूक झाली तरी दिवा छान लागतो. भीती तीच आहे. वायर ज्या भोकातून आत जाते, त्या भोकाची कड सुरीसारखी असते. दिवा हलला, पुसला, उचलला की वायर त्या कडेवर घासते. वरचं प्लास्टिक फाटतं, आतली तांब्याची तार पितळेला टेकते आणि दिव्याच्या सगळ्या अंगात वीज येते. वरचा बल्ब आपला हसत असतो. बल्ब लागतोय म्हणजे दिवा ठीक आहे, असं गिऱ्हाइकं तर समजतातच, आमच्यातले निम्मे वायरमनही समजतात.

म्हणून जुना दिवा हातात आला की जुनी वायर सगळी काढून टाकायची, तिच्यावर माया करायची नाही. भोकाची कड कानशीनं घासून मऊ करायची. तिथं रबराचं छोटं कडं बसवायचं, त्याला आम्ही बुश म्हणतो. वायर आत घेतल्यावर तिला एक गाठ मारायची, म्हणजे कोणी ओढली तरी ताण गाठीवर येतो, होल्डरच्या स्क्रूवर येत नाही. आणि दोन तारांबरोबर तिसरी, अर्थिंगची तार घ्यायची, ती दिव्याच्या धातूलाच बोल्टनं आवळायची. वाट चुकून अंगावर आलेल्या विजेला जमिनीत जायला हा सरळ रस्ता. ती तिथून पळते, फ्यूज उडतो, दिवा विझतो आणि माणूस वाचतो.

मुलुंडच्या एका साहेबांनी मी बसवून दिलेल्या पिनेचा तिसरा, जाडा दांडा पकडीनं मोडून टाकला होता, कारण त्यांच्या घरच्या सॉकेटला भोकं दोनच. मला म्हणाले, "पेडणेकर, दोनावर झकास चालतंय ना यार, तिसरा कशाला उगाच?" मी त्यांना समजावून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुसरा वायरमन गाठला. दुकानात बसलेले हसले. मी हसलो नाही. नेमकं तसंच शहाणपण मी स्वतः एकदा केलं होतं.

दत्ताराम परब माझा दोस्त. त्याची गिरणी बंद पडल्यावर तो विक्रोळीला एका कारखान्यात लागला होता, पाळ्यांची नोकरी. टेकडीवरच्या चाळीत एका खोलीत तो, त्याची बायको सुलोचना आणि त्याची आई असे तिघं राहायचे. आई म्हणजे परब आजी. मालवणकडच्या. मुंबईत चाळीस वर्षं काढूनही त्यांच्या बोलण्यातलं गाव जरासुद्धा हललेलं नव्हतं. नवरात्रात त्यांच्याकडे घट बसायचा आणि नऊ दिवस अखंड दिवा जळायचा. दिवा म्हणजे गावाहून आणलेली पितळी समई. रात्री-अपरात्री उठून तिच्यात तेल घालायचं, वात सारायची, हे काम आजींनी दुसऱ्या कोणाला कधी करू दिलं नाही.

एका वर्षी तेल घालता घालता त्यांना डुलकी लागली आणि पदर ज्योतीवर गेला. सुलोचना जागी झाली म्हणून निभावलं. आजींच्या हाताला भाजल्याचा मोठा डाग राहिला. दत्ताराम इतका घाबरला की पुढच्या वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी समई घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, हिच्यात तो ज्योतीच्या आकाराचा बल्ब बसव, आई ऐकेल, तिला मी बघतो. आजी ऐकल्या, पण मनापासून नाही. देवीपुढे बल्ब लावणं त्यांना पटत नव्हतं. लाईट गेली तर काय, हा शेवटचा प्रश्न त्यांनी टाकून पाहिला. आपल्या लाईनीवर लाईट जात नाही, असं दत्तारामनं छातीठोकपणे सांगितलं. मुंबईच्या माणसाला त्या काळी एवढा माज होता.

समई सुरेख होती. पोकळ दांड्याची, पेचाच्या आट्यांनी जोडलेल्या तीन तुकड्यांची. बुडाला भोक पाडून वायर वर नेणं सोपं गेलं. पण त्या दिवशी माझ्याकडचे बुश संपले होते. दत्ताराम दारात उभा, त्याची पाळी भरायची वेळ झालेली. मी भोकापाशी वायरला टेपचे तीन वेढे मारले आणि म्हणालो, आता हे चालेल, पुढच्या आठवड्यात येऊन बुश टाकतो. त्यांच्या सॉकेटला भोकं दोनच होती, म्हणून वायरही दोन तारांचीच घेतली. तिसरी जोडायची कुठे? मग त्यांच्या घरी जाऊन पिन लावली, बल्ब लागला, समईला टेस्टर टेकवला. टेस्टर लागला नाही. झकास म्हटलं, पिन काढून ठेवली आणि घरी आलो.

तो पुढचा आठवडा कधी उजाडला नाही. मी विसरलो. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

त्यानंतरचं तिसरं नवरात्र. सप्तमीची सकाळ. सुलोचना दुकानात आली आणि तिनं चार मीटर वायर मागितली. कशाला म्हटलं, तर समई खाली घ्यायचीय, वायर पुरत नाही. एरवी समई देवघराच्या लाकडी फळीवर असायची. उद्या अष्टमीला नऊ कुमारिका जेवायला येणार होत्या. मोरीपाशी त्यांचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं आणि मग त्या एकेक करून समईला हात लावून नमस्कार करणार. पोरींचे हात फळीपर्यंत पोचणार नाहीत, म्हणून समई खाली कोब्यावर.

मी वायर मोजता मोजता सहज विचारलं, समईला हात कशाला, नमस्कार लांबूनही होतो. सुलोचनेनं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"भावोजी, आमची समई जागृत आहे. आईंनी हात लावला ना, की झणझण येते. देवी बोलते त्यांच्याशी."

मी वायर खाली ठेवली. मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली. पहिल्या वर्षी, घट बसले त्या सकाळी, आजी अंघोळ करून पाटावर बसल्या, भीत भीत त्या बल्बवाल्या समईला हात लावला आणि बोटांपासून कोपरापर्यंत झणझणलं. त्या दिवसापासून बल्बाबद्दलची त्यांची कुरकुर थांबली. देवीला चालतंय, एवढं त्यांना कळलं होतं. दुसऱ्या वर्षी मात्र देवी नऊच्या नऊ दिवस गप्प राहिली. आजी फार अस्वस्थ झाल्या आणि नवस बोलल्या, पुढल्या वर्षी बोललीस तर नऊ कुमारिका जेवू घालीन. यंदा पहिल्याच दिवशी देवी बोलली. चाळीत सगळ्यांना कळलं होतं. उद्या चाळीतल्याच पोरी यायच्या होत्या.

सुलोचना बोलत होती आणि मला एकेक गोष्ट समजत चालली होती. दोन पिनांचा तो प्लग कसाही घालता येतो. सुलटा घातला तर एक तार फेजवर, म्हणजे वीज येते त्या बाजूला, उलटा घातला तर दुसरी. समईला टेकलेली तार फेजवर आली की देवी बोलणार, नाही आली की वर्षभर रुसणार. मी तपासताना पिन ज्या बाजूनं घातली होती, दत्तारामनं दुसऱ्या सकाळी ती त्याच्या उलट घातली असणार. मी पिन एकदा फिरवून बघितली असती तर तेव्हाच कळलं असतं. कदाचित तेव्हा तार अजून उघडी पडलेली नसेलही, सकाळी समई उचलून मांडताना ती कडेवर कापली गेली असेल. पण मी बघितलं नव्हतं, हे खरं.

आणि आजी आजवर वाचल्या होत्या त्या पाटामुळे. कोरड्या लाकडावर बसलेल्या माणसाच्या अंगातून विजेला जमिनीत जायला वाट नसते, म्हणून नुसती झणझण. उद्या नऊ पोरी ओल्या पायांनी कोब्यावर उभ्या राहून तिला हात लावणार होत्या. त्यांना नुसती झणझण लागली नसती. पहिल्याच पोरीचा हात समईला चिकटला असता, आणि तिला सोडवायला जो पुढे धावला असता तोही तिच्याबरोबर गेला असता.

मी पिशवीत हत्यारं भरली, शटर खाली ओढलं आणि सुलोचनेच्या पुढे धावत टेकडी चढलो.

आजी देवघरापुढे पाटावर बसून माळ ओढत होत्या. घटाशेजारी समई, वर पिवळी ज्योत. शेजारच्या दोघी-तिघी बायका बसलेल्या. मी दारातूनच म्हटलं, आजी, समईला हात लावू नका, तिच्यात करंट उतरलाय, मला ती बंद करून दुरुस्त करू द्या. आजींनी माळ थांबवली नाही. फक्त मान हलवली.

"दिवो इझवूचो नाय हां, झिला. नवमीपर्यंत नाय."

मी समजावलं. वीज म्हणजे काय, पाट म्हणजे काय, सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या, जसं पोराचं पाठांतर ऐकतात तसं. शेवटी मी टेस्टर काढला. म्हटलं, डोळ्यांनी बघितल्यावर तरी पटेल. टेस्टरचं टोक समईला टेकवलं आणि त्याच्या दांड्यातला छोटा लाल दिवा लखकन लागला.

बायकांनी एकदम हात जोडले. आजी समाधानानं म्हणाल्या, "बघ. तुज्या हत्यारातसुदा देवीचो उजेड पडलो."

वाट लागली म्हणतात ती अशी. मी पुराव्यादाखल काढलेली वस्तू दुसऱ्याच बाजूचा पुरावा ठरली होती. दाराबाहेर आणखी चार माणसं जमली आणि आत येऊन हात लावू का विचारायला लागली. मी समईपुढे आडवा उभा राहिलो. एकदा वाटलं, सरळ मेन स्विच पाडावा, काय व्हायचं ते होऊ दे. पण मग आजी माझं ऐकणार नाहीत आणि मी गेल्यावर दत्ताराम तो स्विच पुन्हा चढवेल, हेही मला दिसत होतं. जबरदस्तीनं विझवलेला दिवा ही माणसं पुन्हा पेटवणारच.

मार्ग काढला तो सुलोचनेनं. ती एवढा वेळ मोरीशी उभी राहून ऐकत होती. ती सासूला म्हणाली, "आई, तेलाची समई होती तेव्हा वात बदलायला तुम्ही काय करायचात?"

आजी म्हणाल्या, काय म्हणजे, त्याच ज्योतीवर दुसरी वात पेटवायची, ती बाजूला निरांजनात ठेवायची, मग जुनी काढायची. म्हणजे दिवा विझला असं होत नाही. असं म्हटलं आणि त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, आजी, तसंच करतो. विजेवर विजेचाच दिवा लावतो, तो जळत ठेवतो आणि मगच समईला हात घालतो. वीज एकच. दिवा बदलेल, विझणार नाही.

आजींनी विचार केला. मग त्यांनी अट घातली, की ती वीज एकच आहे हे मी दाखवून द्यायचं. त्या काळी चाळींतल्या वायरी भिंतीवरून लाकडी पट्टीतून जायच्या. समईची पिन जिथं होती तिथून मी बोट ठेवलं आणि पट्टीवरून ते वर सरकवत नेलं, कोपऱ्यात वळवलं, स्टुलावर चढून छताच्या होल्डरपर्यंत आणलं. आजी मान वर करून माझ्या बोटामागे नजर फिरवत होत्या. मधे एकदा त्यांनी मला थांबवलं आणि कोपऱ्यात पट्टी तुटलेली तर नाही ना, हे पुन्हा बघायला लावलं. इतक्या बारकाईनं माझं काम सरकारी इन्स्पेक्टरनंही कधी तपासलं नव्हतं.

छताच्या होल्डरमधला बल्ब काढून मी तिथून एक वायर खाली घेतली, लाकडी ठोकळ्यावर होल्डर बसवला, त्यात नवा ज्योतीचा बल्ब लावला आणि तो ठोकळा घटासमोर ठेवला. दोन ज्योती शेजारी शेजारी जळायला लागल्या. आजींनी नव्या ज्योतीला कुंकू वाहिलं, म्हणजे ठोकळ्याला. मग म्हणाल्या, "काड आता."

मी पिन उपसली. समई विझली. त्या क्षणी मला जे सुटल्यासारखं वाटलं ते अजून आठवतं. आता निदान कोणी मरणार नव्हतं.

समई मांडीवर घेतली आणि बुडाचा तुकडा फिरवून काढला. बल्बाच्या उबेनं आणि वर्षांनुवर्षं मुरलेल्या तेलानं टेपचा डिंक वितळला होता आणि ते तिन्ही वेढे घसरून खाली आले होते. भोकाची कड लख्ख चमकत होती. तिथं वायरचं प्लास्टिक कापलं गेलं होतं आणि नखाएवढी तांब्याची तार बाहेर आलेली दिसत होती. आतली गाठ माझी होती. मी मारतो ती गाठ मला कुठेही ओळखू येते.

खोलीत सगळे बघत होते. मला सहज म्हणता आलं असतं, की वायर जुनी झाली, होतं असं. ते तोंडावर आलंही होतं. मी आजींना जवळ बोलावलं आणि ती उघडी तार दाखवली.

"आजी, हिच्यात देवी नव्हती. हिच्यात मी होतो. इथं एक रबराचं कडं टाकायचं असतं, ते मी टाकलं नाही. म्हणून तुम्हाला झणझण लागायची."

आजींनी ती तार बघितली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्या पाटावर जाऊन बसल्या. माळ हातात घेतली, पण मणी सरकेना. बायका एकेक करून उठून गेल्या. मला त्या वेळी आजींसमोर एवढी लाज वाटली, की त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी एका म्हातारीची देवी पकडीनं ओढून बाहेर काढली होती, आणि ती देवी तरी कोणी बसवली होती? मीच.

मग मी काम केलं. तसं काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं. भोकाची कड घासली, बोट फिरवून बघितली, पुन्हा घासली. बुश बसवला. नवी तीन तारांची वायर घेतली. समईच्या बुडाशी आतून पितळ खरवडून लख्ख केलं आणि अर्थिंगची तार तिथं बोल्टनं आवळली. गाठ मारली. खाली जिन्याजवळ चाळीचे मीटर होते, तिथं अर्थिंगची जाडी तार होती. तिथून खोलीपर्यंत वेगळी तार ओढून आणली आणि भिंतीवर तीन भोकांचं सॉकेट बसवलं. पिन जोडायच्या आधी दोन्ही तारा अदलून-बदलून तपासल्या, टेस्टरनं आणि टेस्टिंगच्या बल्बनंही. समई दोन्ही बाजूंनी गप्प होती. मग समई लावली आणि ती लागल्यावरच ठोकळ्यावरचा दिवा काढला. या सगळ्यात दुपार उलटून गेली. आजींनी समईला हात लावला नाही. माझ्याशीही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी अष्टमीला मला कोणी बोलावलं नव्हतं. तरी मी गेलो. कामावर विश्वास नव्हता असं नाही. पण पहिल्या वेळीही विश्वास होताच की. दाराच्या आत खोलीचा मेन स्विच होता, मी त्याला लागून उभा राहिलो आणि दांड्यावर हात ठेवला. सुलोचनेनं बघितलं आणि ती पानं मांडायला लागली. दत्ताराम रजा टाकून घरी होता, त्यालाही बायकोनं सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण तो माझ्या शेजारी येऊन नुसता उभा राहिला.

पोरी आल्या. परकर-पोलकी, केसांत गजरे, तोंडावर पावडरीचे थर. आजी मोरीशी बसून एकेकीचे पाय धुवत होत्या. पहिली पोर सहा वर्षांची असेल. ओले पाय कोब्यावर उमटवत ती समईपाशी गेली, वाकली आणि दोन्ही तळवे समईवर ठेवले. तिनं हात तसेच ठेवले, थोडे दाबूनही बघितले. मग वळून मोरीकडे बघत तक्रार केली, की आजी, काहीच होत नाही.

"काय होवक व्हया?" आजी म्हणाल्या. "नमस्कार कर आणि पानार बस."

एकामागून एक नऊ पोरी गेल्या. नवव्या पोरीचे हात समईवरून निघाले तेव्हा दत्तारामनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लगेच काढलं. एवढा धट्टाकट्टा माणूस, पण त्याचे डोळे भरले होते. माझेही.

शेवटी आजी उठल्या. अठरा पाय धुऊन त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते. त्या अनवाणी कोब्यावरून चालत समईपाशी गेल्या आणि पाट न घेता, तशाच उभ्यानं वाकून तिच्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. चेहरा भिंतीकडे होता, त्यामुळे मला काही कळेना. माझी बोटं स्विचच्या दांड्याभोवती घट्ट झाली.

मग त्या खिरीची वाटी घेऊन माझ्याकडे आल्या. पोरींचा गलबला चालू होता, सुलोचना वाढत होती. त्या जवळ येऊन अगदी हळू बोलल्या.

"मदल्या वर्सा ती गप ऱ्हवली ना, तेव्हा माका बरा वाटला. नऊ दीस सुखान निजलंय. देवी बोलणा नाय आणि माका बरा वाटता, ह्या पाप न्हय? म्हणान तो नवस बोललंय."

मी विचारलं, मग आजी, एवढी भीती वाटत होती तर रोज सकाळी हात का लावत होता?

"आवशीक कसा सांगूचा, माका तुजी भीती वाटता म्हणान?"

असं म्हणून त्यांनी समईकडे, आपल्या त्या आईकडे बघितलं. तोंडावर जे होतं ते रागाचं नव्हतं, दुःखाचंही नव्हतं. आठवडाभराचं ओझं खाली ठेवून पाठ सरळ करणाऱ्या बाईसारख्या त्या दिसत होत्या. मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली.

"आणि तू कित्याक ता धरून ऱ्हवलंस? सोड आता."

मी हात काढला. बोटं इतकी आखडली होती की सरळ व्हायला वेळ लागला. मग दोन्ही हात पुढे करून मी खिरीची वाटी घेतली.